गाडी विकली, पण नाव कुणाचं?

जेवणं आवरली असतील. भांडी राहू द्या पाच-दहा मिनिटं तशीच, आज जरा कामाचं बोलायचंय.

मागच्या आठवड्यात एका गटाच्या मीटिंगला गेले होते. तिथल्या एका ताईनं अंतर्गत कर्ज मागितलं, जुनी मोटारसायकल घ्यायला. मुलगा गाडी चालवतो, दूध डेअरीला तोच घालेल. आज ती रोज कॅन घेऊन तीन किलोमीटर चालते. कर्ज लगेच मंजूर झालं. मी सहज विचारलं, "कागदं बघितली का?" तर म्हणाली, "माणूस ओळखीतला आहे, आरसी नंतर देतो म्हणालाय." तेव्हाच ठरवलं, हा विषय रेडिओवर घ्यायचा. कारण यात आम्ही पोळलोय.

काही वर्षांपूर्वी आमच्या मालकांनी जुनी गाडी आठवडी बाजारात विकली. अठरा हजार रोख मिळाले. शंभराच्या स्टॅम्पवर लिहून घेतलं, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. २९ आणि ३० नंबरच्या कोऱ्या फॉर्मवर मालकांनी सह्या केल्या आणि आरसीसकट सगळं त्या माणसाच्या हातात दिलं. त्या पैशातून दोन शेळ्या आल्या, आम्ही गाडी विसरून गेलो. दोन वर्षांनी दारात कोर्टाची नोटीस. गाडी मधल्या काळात आणखी दोघांच्या हातात गेली होती. शेवटच्यानं एका म्हाताऱ्या माणसाला उडवलं, आणि गाडीचा विमा संपलेला. भरपाई कुणाकडं मागितली? आमच्या मालकांकडं.

आम्ही स्टॅम्प घेऊन वकिलाकडं पळालो. ते म्हणाले, हा कागद तुमच्या आणि घेणाऱ्याच्या मधला. ज्याचा पाय मोडला तो आरसीवरचं नाव बघणार. दावा अजून चालू आहे. तारखेला गेलं की त्या दिवसाची मजुरी बुडते आणि एसटीचं भाडं वेगळं.

आपल्याला जमिनीचं बरोबर कळतं. पैसे दिले, खुंटा रोवला, पण फेरफार झाला नाही तर सातबाऱ्यावर नाव जुन्याचंच. गाडीचंही तसंच आहे, पण तिथं आपण किल्ली दिली की हात झटकतो. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढं असाच एक दावा होता. गाडी एकामागून एक चौघांच्या हातात गेलेली, नोंद मात्र पहिल्याच्याच नावावर. अपघातात एक मुलगा गेला होता. कोर्टानं सांगितलं, नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, भरपाई त्यानं द्यायची.

म्हणून विकणाऱ्यांनी कोरा फॉर्म द्यायचाच नाही. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख भरून घ्या, मगच सही. घेणाऱ्याच्या आधार कार्डाची आणि सही केलेल्या फॉर्मची झेरॉक्स घरात ठेवा. कायद्यानं विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर मुदत ४५ दिवसांची, आणि ना-हरकत दाखला लागतो. घेणाऱ्याला नाव लावून घ्यायला ३० दिवस. विमा कंपनीलाही त्यानं १४ दिवसांत कळवायचं. "एजंट करून देतो" म्हणतात. करतोही, पण कधी करतो ते आपण बघायचं. महिन्याभरानं एम-परिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकून मुलीला बघायला सांगा, मालकाच्या जागी अजून आपलंच नाव आहे का. नावातली काही अक्षरं झाकलेली दिसतात, तरी ओळखू येतं. सगळ्यात बरं म्हणजे थोडी रक्कम नाव बदलेपर्यंत मागं ठेवायची. ते घेणाऱ्याच्या फायद्याचं, आणि विकणारीच्याही, कारण दोघांनाही आरटीओत जायची घाई राहते.

आता एक अवघड गोष्ट. घरधनी गेला आणि गाडी त्याच्या नावावर असली, तर दीर किंवा भाचा म्हणतो, "वहिनी, गाडी उभीच आहे, विकून टाकू." गेलेल्या माणसाच्या नावावरून गाडी थेट तिसऱ्याला विकता येत नाही. आधी ती वारसाच्या नावावर यायला लागते. मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत ३१ नंबरच्या फॉर्मवर अर्ज करायचा. दुःखात कुणाला आठवतं हे, मला कळतं. पण गटातल्या बाईनं आठवण करून द्यावी. मृत्यूचा दाखला काढायला जाता तेव्हाच गाडीचंही विचारून या.

घेणाऱ्या बायांनो, तुम्ही आधी आरसी बघा. मूळ आरसी, फोटो नाही. त्यावर बँकेचं किंवा फायनान्सचं नाव असेल तर तो बोजा आहे, सातबाऱ्यावर असतो तसाच. हप्ते फिटले असतील तर बँकेचा दाखला आणि ३५ नंबरचा फॉर्म द्या म्हणायचं. मग खाली वाकून चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. नंबरावर घासल्याची खूण दिसली तर गाडीला हात लावू नका, चोरीची असू शकते. आणि चोरीची गाडी पोलीस घेऊन जातात, आपले पैसे जातात ते वेगळेच. दंड किती थकलाय ते वाहतूक पोलिसांच्या ई-चलनाच्या साइटवर दिसतं. गाडीला १५ वर्षं होत आली असतील तर नोंदणी पुन्हा करायचा खर्च किमतीतून कापून मागा. १ एप्रिल २०१९ आधीची गाडी असेल तर नवी सुरक्षा नंबर प्लेट बसवली आहे का तेही बघा, नाहीतर आरटीओतलं काम अडतं. इंजिनाचं मी सांगत नाही, गावातल्या मेस्त्रीला शंभर-दोनशे द्या, तो सांगेल.

भेटायचं कुठं? दिवसा, ग्रामपंचायतीपुढं किंवा पेट्रोल पंपावर, सोबत कुणीतरी घेऊन. आपली गाडी कुणी चालवून बघतो म्हणाला तर त्याचं लायसन्स आणि तो ज्या गाडीवर आला तिची किल्ली आपल्या हातात. अनोळखी माणसाच्या मागं बसून चक्कर मारायला जायचं नाही.

पैशाचं जरा नीट ऐका. आपल्याला पैसे यायचे असतील तर पिन टाकावा लागत नाही, कोड स्कॅन करावा लागत नाही. "पैसे पाठवले, हा बघा फोटो" म्हणाला तर आपल्या खात्यातली शिल्लक बघा, त्याचा मोबाईल नाही. आणि मोबाईलवर जाहिरात येते, 'मी फौजी, बदली झाली, गाडी स्वस्तात देतो, आधी पाठवणीचे पैसे टाका.' सोबत वर्दीतला फोटो. आपल्याकडं घरोघरी कुणी ना कुणी फौजेत, त्यामुळं चटकन विश्वास बसतो. डोळ्यांनी बघितल्याशिवाय गाडीचा रुपयाही पाठवू नका. फसलात तर लाजू नका, लगेच १९३० ला फोन करा.

त्या दुधवाल्या ताईचं राहिलंच. तिनं आरसी मागितली, तर त्यावर फायनान्सचा बोजा निघाला. ती म्हणाली, "बोजा उतरवून या, पैसे तयार आहेत." तो पुन्हा फिरकला नाही. कॅन अजून तिच्या डोक्यावरच आहे, गट दुसरी गाडी शोधतोय. कुणाकडं कागदं धड असलेली गाडी असेल तर रेडिओ केंद्रावर कळवा.