भाकरीचा धनी कोण?

एखादा माणूस दुसऱ्याच्या पंगतीला बसून पोटभर जेवला. त्याने खाल्लेली भाकरी त्याच्या मालकीची की यजमानाच्या? आपल्याला प्रश्न पोरकट वाटेल. पण मध्ययुगीन युरोपात पोपला यावर फर्मान काढावे लागले.

मूळ गोष्ट शुभवर्तमानातली. येशूने एका श्रीमंत तरुणाला सांगितले : असेल ते विकून गोरगरिबांना दे आणि माझ्यामागे ये. तरुण खिन्न होऊन परत गेला. आता हा उपदेश त्या एकट्याला, की सर्वांना? दुसऱ्या शतकाच्या अखेरीस अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने तोड काढली. सोडायचा तो धनाचा लोभ. गाठीला काहीच नसेल तर भुकेल्याला वाढणार कोण? चौथ्या शतकातला बेसिल अधिक कडक. पेटीत पडून राहिलेले वस्त्र उघड्याचे आहे, ते अडवून ठेवणारा चोरच, असा त्याचा रोख.

पुढे असिसीचा फ्रान्सिस आला. कापडाच्या व्यापाऱ्याचा हा मुलगा. अंगावरच्या कपड्यांसकट सारे त्याने बापाला परत केले. भिक्षूंनी काहीही आपले म्हणू नये, पैसा स्वीकारू नये, हा त्याचा नियम पोपने १२२३ साली मंजूर केला. पण संघ वाढला, मठ झाले, ग्रंथ जमले. ते कोणाचे? १२७९ साली तिसऱ्या निकोलस पोपने शिक्कामोर्तब केले : मालकी पोपपीठाची, भिक्षूंचा नुसता वापर.

तोडगा टिकला नाही. वापरही तुटपुंजाच हवा, कोठारे भरू नयेत, असे काही भिक्षू म्हणू लागले. त्यांतले आज्ञा न मानणारे चौघे १३१८ साली मार्सेयला जाळले गेले. १३२२ साली बाविसाव्या जॉन पोपने रोकडा सवाल केला : भाकरी खाल्ली की संपली, मग तिचा वापर मालकीहून वेगळा कसा? येशू व त्याच्या शिष्यांचे काहीच नव्हते, असा हट्ट धरणे त्याने पुढच्याच वर्षी पाखंड ठरवले. कारण उघड आहे. येशूचे काहीच नसेल, तर चर्चच्या जमिनीजुमल्याचे काय? १३२८ साली संघाचा प्रमुख मायकेल आव्हिन्योंहून पळून गेला.

ही सारी पत्करलेल्या गरिबीची कथा. जिच्या वाट्याला गरिबी आपसूक आली, त्या जनतेचे काय? ३६९ च्या सुमारास दुष्काळ पडला, तेव्हा बेसिलने धनिकांची कोठारे उघडवली आणि उपाश्यांना स्वतः वाढले. ती भाकरी कोणाची, हे तिथे कोणी विचारीत बसले नसेल.