दाट झाडीतले शिकारी : शिक्रा आणि त्याचे भाऊबंद

शिकारी पक्षी म्हटले की उंच आकाशात घिरट्या घालणारी घार किंवा मोकळ्या आभाळातून भक्ष्यावर झेपावणारा बहिरी ससाणा आठवतो. परंतु याच पक्ष्यांचा एक मोठा गट असा आहे की ज्याचे सारे आयुष्य झाडांच्या फांद्यांमध्ये जाते आणि ज्याच्या शरीराची घडणही त्या फांद्यांनीच ठरवलेली आहे. अ‍ॅक्सिपिटर या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या समूहात, पूर्वी जगभरातील सुमारे पन्नास जाती गणल्या जात. जनुकीय अभ्यासानंतर 2024 पासून पक्ष्यांच्या प्रमुख जागतिक याद्यांनी या समूहाची अनेक प्रजातींमध्ये विभागणी केली असली, तरी या पक्ष्यांची जीवनपद्धती बव्हंशी सारखीच आहे. सह्याद्रीत आणि गोव्याच्या जंगलांत या कुळीतील तीन पक्षी कायम वास्तव्यास असतात : सर्वपरिचित शिक्रा, त्याहून गडद रंगाचा व लाजाळू बेसरा आणि डोक्यामागे आखूड तुरा असणारा, या तिघांत सर्वांत मोठा असा तुरेवाला बाज. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारा स्पॅरोहॉक हा त्यांचा पाहुणा भाऊबंद.

या पक्ष्यांचे पंख आखूड आणि टोकाशी गोलसर, शेपटी लांब, पाय सडपातळ व उंच असतात. आखूड पंखांमुळे फांद्यांच्या गर्दीत आदळण्याची भीती न बाळगता वेगाने शिरता येते, तर लांब शेपटी पसरून व वळवून ऐन वेगात दिशा बदलता येते. प्रौढ पक्ष्यांचे डोळे पिवळे, नारिंगी किंवा लाल असतात, ससाण्यांचे मात्र गडद. पूर्वीच्या बाजदारांनी, म्हणजे शिकारी पक्षी पाळून शिकवणाऱ्यांनी, याच खुणेवरून त्यांचे दोन वर्ग पाडले होते. मारण्याच्या पद्धतीतही फरक आहे. ससाण्याच्या चोचीच्या कडेला दातासारखी खाच असते आणि तो सावजाची मान चोचीने मोडतो. शिक्रा व त्याचे भाऊबंद मात्र पंजाच्या दाबाने आणि नख्या रुतवून सावज मारतात.

त्यांची शिकार वेगापेक्षा दबा धरण्यावर अधिक अवलंबून असते. पक्षी पानांआडच्या फांदीवर निश्चल बसतो, थोड्या वेळाने बैठक बदलतो, पुन्हा बसतो आणि संधी दिसताच जमिनीलगत, झुडपांच्या आडोशाने झेप घेतो. पहिल्या काही क्षणांत सावज हाती लागले नाही, तर बहुधा लांब पाठलाग न करता नव्या बैठकीकडे वळतो. पकडलेले पाखरू तो ओंडक्यावर, बुंध्याच्या खुंटावर किंवा आडव्या फांदीवर नेतो आणि खाण्यापूर्वी त्याची पिसे उपटतो. अशा ठरलेल्या जागांखाली साचलेला पिसांचा सडा पाहून, पक्षी दृष्टीस न पडताही, त्याने काय खाल्ले याचा अंदाज जाणकाराला बांधता येतो.

तिन्ही पक्ष्यांच्या भवितव्यातला फरक त्यांच्या बोटांपासूनच सुरू होतो. शिक्र्याची बोटे तुलनेने आखूड व जाड असतात, आणि सरडे, उंदीर, बेडूक, खार, टोळ, पावसाच्या तोंडाशी उडणारी पंखवाली वाळवी, लहान पक्षी, असे मिळेल ते त्याला चालते. म्हणूनच तो शेताच्या बांधावर, आमराईत आणि शहरातील बागांतही टिकून आहे. बेसऱ्याचे मधले बोट लांब व सडपातळ असते, ते उडत्या पाखराला धरण्यासाठी. त्याला उंच वृक्ष, मधला थर आणि खालची झुडपे असे थरांचे जंगल लागते. तुरेवाला बाजही असाच वृक्षराजीत रमणारा. त्यामुळे गावाजवळ शिक्रा दिसला म्हणून जंगल सुस्थितीत आहे असे मानणे चुकीचे ठरते; ती साक्ष बेसऱ्याकडेच मागायला हवी, कारण झाडांची संख्या तीच ठेवून झुडपे साफ केलेल्या रानात दबा धरायला जागाच उरत नाही.

लहान पक्ष्यांच्या जगात शिक्र्याचा दरारा किती आहे, हे पावशावरून कळते. पावशा हा कोकिळेच्या कुळातला, परक्या घरट्यात अंडी घालणारा निरुपद्रवी पक्षी. पण त्याचा राखी रंग, शेपटीवरचे पट्टे, काही वेळा पंख हलवून मग तरंगत जाण्याची उडण्याची लकब आणि फांदीवर उतरण्याची ढब इतकी शिक्र्यासारखी असते की तो दिसताच पाखरे कल्ला करतात. त्याची पिल्लेही शिक्र्याच्या पिल्लांसारखीच छातीवर तपकिरी खुणा घेऊन वाढतात, आणि त्यांना वाढवतात बिचारे सातभाई. कोतवाल तर शिक्र्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो.

या पक्ष्यांत मादी नरापेक्षा मोठी असते. स्पॅरोहॉकमध्ये नर सुमारे दीडशे ग्रॅमचा, तर मादी त्याच्या जवळजवळ दुप्पट वजनाची भरते. लहान, चपळ नराला छोटी पाखरे सहज मिळतात आणि थोराड मादी अंडी व घरटे सांभाळते, असा एक खुलासा दिला जातो, तरी याच्या कारणांबाबत शास्त्रज्ञांत एकमत नाही. कामाची विभागणी मात्र स्पष्ट आहे : अंडी उबवण्याचा मुख्य भार मादीवर असतो आणि त्या काळात नर तिच्यासाठी शिकार आणतो, साद घालून तिला घरट्याबाहेर बोलावतो व भक्ष्य तिच्या हवाली करतो. तुरेवाला बाज विणीपूर्वी झाडांच्या शेंड्यांवर उडताना शेपटीखालची पांढरी पिसे फुलवून पंख थरथरवतो. भारतात शिक्र्याची वीण साधारण मार्च ते जून या काळात होते. उंच झाडाच्या बेचक्यात कावळ्याच्या घरट्यासारखे काटक्यांचे सैलसर घरटे बांधून, त्यात गवताचे अस्तर घालून मादी बहुधा तीन-चार फिकट निळसर अंडी देते आणि सुमारे तीन आठवड्यांत पिल्ले बाहेर येतात.

विणीचा हा टप्पा किती नाजूक असतो, याचा धडा ब्रिटनने दिला. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथील स्पॅरोहॉक झपाट्याने कमी झाले. अल्ड्रिन व डील्ड्रिनसारखी बियाण्यांवर लावलेली विषे दाणे टिपणाऱ्या पाखरांमधून थेट या शिकाऱ्यांच्या पोटात गेली, आणि डीडीटीच्या अवशेषामुळे अंड्यांची कवचे पातळ होऊन ती उबवताना फुटू लागली. कवचांचा हा पुरावा डेरेक रॅटक्लिफ यांनी 1967 मध्ये प्रसिद्ध केला. विषांवर निर्बंध आल्यावर पक्षी परतले. भारतात शेतीसाठी डीडीटीचा वापर 1989 मध्ये बंद झाला, तथापि डासांविरुद्धच्या मोहिमांत तो पुढेही चालू राहिला.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार हे पक्षी पकडणे, पाळणे वा मारणे हा गुन्हा आहे. सहज दुर्लक्षित राहतात ती साधी कृत्ये : ऐन उन्हाळ्यात, अंडी किंवा पिल्ले असताना रस्त्याकडेचा आंबा वा कडुनिंब छाटणे, आणि छायाचित्रासाठी घरट्याखाली तासन्‌तास उभे राहून मादीला उठवणे. मार्च ते जून या काळात छाटणीची कुऱ्हाड आवरावी आणि घरटे दिसल्यास त्याचा ठावठिकाणा जाहीर न करता दुरूनच परतावे, एवढे वाचकांनी केले, तरी त्या वर्षीची पिल्ले उडण्याची शक्यता वाढेल.