हाड नाही, पण खूण आहे

डिसेंबर १९८२. मध्य प्रदेशात नर्मदाकाठच्या हथनोरा गावी भूवैज्ञानिक अरुण सोनाकिया यांना कवटीचा एक भाग सापडला. आपल्या देशात मिळालेला प्राचीन मानवाचा हा सर्वांत महत्त्वाचा जीवाश्म. नदीच्या गाळात गाडला गेला म्हणून तो टिकला. इथिओपियात १९७४ साली मिळालेली, सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीची ‘ल्युसी’सुद्धा अशीच गाळाच्या थरांतून हाती आली.

रत्नागिरीत असे हाड टिकणे अवघडच. इथला जांभा सच्छिद्र, माती आम्लधर्मी, आणि वर चार महिने कोसळणारा पाऊस. अशा जमिनीत हाड विरघळून जाते.

दगड मात्र राहतो. गुहागर तालुक्यात सुसरोंडीच्या गुहेत डेक्कन कॉलेजचे अशोक मराठे यांना अश्मयुगीन हत्यारे मिळाली. आणि सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, तर कातळशिल्पेच आहेत! सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी वर्षानुवर्षे उन्हातान्हात, गावागावांतून विचारपूस करत ती शोधली. त्यांचे हे ऋण मोठे आहे.

कशेळी गावच्या सड्यावर कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटर लांब. त्याच्या पोटाशी वाकून पाहिले की आत मासे, पक्षी, जनावरे कोरलेली दिसतात. इतर सड्यांवर गेंडाही आहे, जो आज कोकणात कुठेच नाही. कोरणाऱ्याने तो पाहिला असेल, तर तेव्हाचे कोकण फार वेगळे होते.

२०२२ मध्ये ही शिल्पे युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या तात्पुरत्या यादीत आली. चिऱ्याच्या खाणी मात्र याच सड्यांवर चालतात.