पदाच्या डोक्यावरची चाल

जुन्या मराठी संगीत नाटकाच्या छापील पुस्तकात पदाच्या वर एक बारीक ओळ असते. तीत कधी राग आणि ताल दिलेला असतो, आणि पुष्कळदा ‘चाल’ या शब्दापुढे दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे पहिले काही शब्द. स्वर कुठेच लिहिलेले नसतात. नाटक कंपनीतल्या नटाला एवढी खूण पुरेशी होती, कारण ते दुसरे गाणे त्याच्या गळ्यात आधीच बसलेले असे. ते गाणे विसरले गेले की त्याच्या आधारावरची पदेही मुकी होतात. विस्मृतीत गेलेल्या संगीत नाटकांचे गाणे पुन्हा मिळवण्याच्या कामाला या ओळीपासूनच सुरुवात करावी लागते. तबकड्या आणि नोटेशनची पुस्तके तिच्या मागून येतात.

अशा नाटकांचा साठा मोठा आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात आनंदोद्भव नाट्यगृहात झाला. १८८२ मध्ये ‘सौभद्र’ आले. ही दोन नाटके, देवलांचे ‘शारदा’ (१८९९) आणि ‘संशयकल्लोळ’ (१९१६), खाडिलकरांचे ‘मानापमान’ (१९११) आणि ‘स्वयंवर’ (१९१६) एवढ्यांतच आजच्या श्रोत्याचे नाट्यसंगीत बहुतांशी संपते. त्यांच्या आजूबाजूची नाटके मात्र ग्रंथालयांच्या कपाटात राहिली. सोकर बापूजी त्रिलोकेकरांचे ‘नल-दमयंती’ तर ‘शाकुंतल’च्याही आधीचे, १८७९ चे. किर्लोस्करांचे ‘रामराज्यवियोग’ १८८५ मध्ये त्यांच्या निधनामुळे अपुरे राहिले. देवलांचे ‘शापसंभ्रम’ (१८९३) बाणभट्टाच्या ‘कादंबरी’वर बेतलेले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांची ‘वीरतनय’ (१८९६) आणि ‘मूकनायक’ (१९०१) ही नाटके त्यांच्या काळी नव्या चालींसाठी गाजली होती. माधवराव पाटणकरांच्या ‘सत्यविजय’ आणि ‘विक्रम-शशिकला’ या नाटकांनी मुंबईच्या कामकरी प्रेक्षकाला वेड लावले होते, आणि सुशिक्षित समीक्षकांनी त्यांना नाके मुरडली होती. ती विसरली जाण्यात या नाक मुरडण्याचा वाटा आहे. त्यांतले गाणे कमअस्सल होते, हा निर्णय ते गाणे ऐकल्याशिवाय देता येत नाही.

तुलनेसाठी पाहायचे तर याच दशकांत लंडनमध्ये हलक्याफुलक्या ऑपेराचा बहर होता. गिल्बर्ट आणि सलिव्हन यांची नाटके टिकली, पण आल्फ्रेड सेलिअरच्या ‘डोरोथी’ला (१८८६) ९३१ प्रयोगांचे यश मिळूनही ती मागे पडली. सॅव्हॉय नाट्यगृहात १८९१ मध्ये एडवर्ड सोलोमनच्या ‘द नाच गर्ल’ या नाटकात काल्पनिक हिंदुस्थानी संस्थान रंगमंचावर आले होते. विसरलेले इंग्रजी नाटक पुन्हा उभे करणाऱ्याच्या हाती निदान पियानोसाठी छापलेली स्वरलिपी असते. वाद्यवृंदाचे कागद हरवले तरी गायकाची ओळ शाबूत राहते. तिथेही अपवाद आहेत. गिल्बर्ट-सलिव्हन जोडीच्या ‘थेस्पिस’ (१८७१) या पहिल्याच नाटकाचे बहुतेक संगीत नष्ट झाले आहे. मराठीत मात्र हा अपवादच नियम आहे. शब्द सगळे मिळतात आणि स्वर शोधावे लागतात.

पहिले काम पुस्तकांचे. एकाच नाटकाच्या शक्य तितक्या आवृत्त्या जमवून त्यांतल्या चालींच्या ओळी शेजारी शेजारी मांडल्या जातात. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, पुणे नगर वाचन मंदिर यांसारख्या जुन्या संस्था यासाठी उपयोगी पडतात. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपत असल्यामुळे या काळातील बहुतेक नाटके आज कोणालाही छापता आणि गाता येतात. आवृत्त्या पाहताना एक गोष्ट लगेच लक्षात येते. पुढच्या आवृत्तीत कित्येकदा चाल बदललेली असते. कंपनीत नवा गायकनट आला, त्याला पूर्वीची चाल पेलली नाही किंवा तिच्यापेक्षा चांगली सापडली, की छापणारा नवी खूण घालतो. म्हणून सर्वांत जुनी आवृत्ती सर्वांत मोलाची. ती न मिळाल्यास हाती लागलेली चाल पहिल्या प्रयोगाची होती असे म्हणता येत नाही.

मग चालींची साखळी बांधायची. एका नाटकातले पद दुसऱ्या नाटकातल्या पदाच्या चालीवर असते, ते एखाद्या लावणीच्या किंवा कानडी गीताच्या चालीवर, आणि ती लावणी कोणाला तरी येत असते. किर्लोस्कर मूळचे बेळगाव भागातील गुर्लहोसूरचे, त्यामुळे त्यांच्या पदांमागे कर्नाटकी वळणे पुष्कळ आहेत. कोल्हटकरांनी पारशी रंगभूमीवरच्या उर्दू आणि गुजराती गाण्यांकडे हात पसरला. परिणामी ‘वीरतनय’सारख्या नाटकाची चाल शोधणाऱ्याला मराठी तबकड्या बाजूला ठेवून गुजराती आणि उर्दू तबकड्यांचे गठ्ठे उघडावे लागतात. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत या छंदांतल्या रचनांवर मात्र चाल लिहिलेलीच नसते. ती छंदातच होती आणि कीर्तनामुळे घरोघरी माहीत होती. दिंडीच्या ओळीत १९ मात्रा, नवावर यती, म्हणजे विराम. हे मोजले की पुढचे काम एखादा नारदीय कीर्तनकार सहज करून देतो. नाट्यसंगीताच्या अभ्यासात या छोट्या रचनांकडे दुर्लक्ष होते, आणि ते चुकीचे आहे. सुरुवातीच्या नाटकांत कथा पुढे नेण्याचे काम बरेचसे त्याच करतात.

चालीची ओळ पदाचा काळही सांगते. कसा, ते एका राखेच्या थरावरून समजते. जुन्नर तालुक्यातील बोरी बुद्रुक येथे कुकडी नदीच्या काठावर ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडतो. ही राख सुमात्रातील टोबा ज्वालामुखीची मानली जाते, आणि तिच्यावरून आसपासच्या थरांतील अश्मयुगीन हत्यारांचा कालक्रम लावण्याचा प्रयत्न अभ्यासक करतात. लांबून येऊन इथल्या थरात बसलेली चाल तेच काम करते. ज्या छापील आवृत्तीत एखाद्या पारशी नाटकातील गाण्याचा उल्लेख आहे, ती त्या गाण्यानंतरचीच असणार. बोरीच्या राखेच्या वयाबद्दल अभ्यासकांत जसे तीव्र मतभेद आहेत, तसे इथेही होतात, आणि बहुधा कारण एकच असते: मूळ थर कोणता आणि वाहून आलेला कोणता, हे ठरत नाही.

याच परिसरात चालीवर शब्द बसवण्याची कला अजून चालू आहे. बोरी बुद्रुकपासून जवळच असलेल्या नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या यात्रांच्या सुपाऱ्या तिथे ठरतात. विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) याच परंपरेतल्या. गण, गवळण, बतावणी आणि वग या क्रमाने उलगडणारा हा खेळ स्वरलिपीवाचून चालतो. शाहीर माहीत असलेल्या चालीवर नवे शब्द रचतो, आणि ढोलकीचा ठेका कोणते अक्षर लांबवायचे ते ठरवतो. ‘लावणीची चाल’ एवढीच खूण असलेले १८८० च्या दशकातले पद पुढ्यात असताना असा गायक आणि असा ढोलकीवाला जी मदत करतात ती कोणत्याही ग्रंथातून मिळत नाही.

यानंतर तबकडी. हिंदुस्थानात तबकड्यांवर ध्वनिमुद्रणाची सुरुवात १९०२ मध्ये कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने केली. किर्लोस्कर नाटक मंडळीचे सर्वांत गाजलेले गायकनट भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्येच वारले होते. पहिल्या पिढीच्या या आवाजाची एकही तबकडी नाही, ही मराठी संगीताची कायमची उणीव आहे. जे मुद्रित झाले ते पुढच्या पिढीचे. १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आलेले बालगंधर्व, ललितकलादर्श नाटक मंडळीचे केशवराव भोसले, आणि ज्यांचा नाटक कंपन्यांशी संबंध नव्हता अशा अनेक गायिका. अप्रसिद्ध नाटकांची पदे याच गायिकांच्या तबकड्यांवर अनपेक्षितपणे सापडतात, कारण चाल आवडली की त्या गात, नाटक चालते आहे की पडले याची चिंता त्यांना नव्हती. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या संग्राहकांनी अशा तबकड्या जपल्या आणि त्यांच्या याद्या केल्या.

लाखेची तबकडी हाताळण्याचे नियम कडक आहेत. ती मद्यार्काने पुसायची नाही, कारण लाख त्यात विरघळते. सौम्य साबणाच्या पाण्याने, मधला कागद कोरडा ठेवून, खाचांच्या दिशेने धुवायची. खाच रुंद असल्याने सुमारे तीन मिल (इंचाचे तीन हजारांश) जाडीची सुई लागते. एलपीची बारीक सुई खाचेच्या तळाशी घसरून नुसता खरखराट उचलते. कागदापलीकडच्या कोऱ्या भागात कोरलेला क्रमांक टिपून ठेवायचा, कारण लेबल बदलले तरी तो क्रमांक मूळ मुद्रण ओळखू देतो.

सर्वांत नाजूक प्रश्न वेगाचा. मिनिटाला ७८ फेऱ्या हे प्रमाण नंतर स्थिरावले. सुरुवातीच्या तबकड्या कधी त्याहून कमी, कधी जास्त वेगाने मुद्रित झाल्या. वेग सुमारे सहा टक्क्यांनी वाढला की काळी एकचा गायक पांढरी दोनमध्ये ऐकू येतो, ताना चपळ वाटतात आणि आवाज बारीक होतो. एका बैठकीत मुद्रित झालेल्या, लागोपाठ क्रमांकांच्या तबकड्या एकामागून एक लावल्या, की पेटीचा षड्ज त्यांत कुठे स्थिर राहतो ते कळते आणि वेग ठरवता येतो. बालगंधर्वांच्या तरुणपणीच्या आवाजाविषयीची कित्येक विधाने चुकीच्या वेगावर ऐकलेल्या तबकड्यांवर आधारलेली असू शकतात, म्हणून ही खटपट टाळता येत नाही.

तबकडी विश्वासू साक्षीदार असली तरी पुरी साक्ष देत नाही. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटे मावतात. तेवढ्यात ध्रुपद, एखादे कडवे आणि चार ताना उरकायच्या, म्हणून पुस्तकातली पुढची कडवी गळतात. १९२५ च्या सुमारापर्यंत मुद्रण भोंग्यापुढे होई. गायक भोंग्याशी, पेटी थोडी मागे, तबला त्याहून मागे, त्यामुळे ठेका कित्येकदा अंदाजानेच ओळखावा लागतो. शिवाय १९३० ची तबकडी १८८२ चे पद तेव्हाच्या थाटात देत नाही. भास्करबुवा बखले यांच्या ‘स्वयंवर’च्या चालींनंतर नाट्यपद ख्यालाच्या अंगाने विस्तारू लागले, आणि जुन्या पदांवरही तो विस्तार चढला. धुमाळीत सरळ चालणारे पद त्रितालात रेंगाळू लागले. म्हणून तबकडीतून ताना वेगळ्या काढून मुखड्याचा सांगाडा तेवढा घ्यायचा आणि तो चालीच्या ओळीशी जुळतो का ते पाहायचे. दोन्ही साक्षी जुळल्या तरच चाल सापडली असे मानावे.

सापडलेली चाल भातखंडे पद्धतीने लिहिली जाते. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली बिंदू, तारेला वर. रंगभूमीच्या जुन्या चालींची छापील नोटेशने थोडी आणि उशिराची आहेत. ती पडताळ्यासाठी वापरावीत, पण जिथे नोटेशन एक स्वर सांगते आणि तबकडी दुसरा, तिथे तबकडीला मान द्यावा. लिहिताना प्रत्येक ओळीपुढे आधार नोंदवणे आवश्यक असते: हा मुखडा तबकडीवरून, हे कडवे मूळ लावणीवरून, हा अंतरा छंदाच्या हिशेबाने बसवलेला. ही नोंद नसेल तर पुढचा गायक अंदाजाला परंपरा समजून गातो.

शेवटची परीक्षा गळ्याची. पेटी आणि तबल्यावर पद सावकाश गाऊन पाहिले की मात्रा उरतात किंवा कमी पडतात, समेवर भलतेच अक्षर येते, आणि चाल चुकीची ओळखल्याचे उघड होते. मग पुन्हा आवृत्त्या आणि पुन्हा तबकड्या. कित्येक पदांची चाल याही नंतर मिळत नाही. अशा पदांना नवी चाल लावून नाटक पूर्ण करण्याचा मोह रंगमंचासाठी क्षम्य आहे, संशोधनात नाही. तिथे शब्द, मात्रांची मोजणी आणि पुस्तकातली चालीची खूण एवढेच छापून पुढची ओळ रिकामी ठेवतात. मूळ गाण्याची तबकडी ज्याला मिळेल त्याला ती ओळ भरता येते.