टक्कल, तारुण्य आणि एक गोळी

नागपुरात धंतोली-रामदासपेठ भागातून जाताना केशवर्धनाच्या पाट्या आता सहज डोळ्यांत भरतात. लग्नाचे बोलणे सुरू होण्याच्या सुमारास कपाळ मोठे होऊ लागले की तरुणाची पावले तिकडे वळतात आणि बहुधा फिनास्टेराइडची गोळी त्याच्या हाती पडते.

या औषधाचे मूळ केसांच्या चिंतेत नाही. डोमिनिकन प्रजासत्ताकातील सालिनास या खेड्यात काही मुले जन्मतः मुलींसारखी दिसत व वयात येताना पुरुष होत. टेस्टोस्टेरॉनचे अधिक प्रभावी रूप बनविणारे विकर त्यांच्यात अपुरे असल्याचे १९७४ साली ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. अशांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राहते, टक्कलही पडत नाही. तेच विकर रोखणारी ही गोळी अमेरिकेत १९९२ मध्ये प्रोस्टेटवाढीसाठी व १९९७ मध्ये, पाचपट कमी मात्रेत, टकलासाठी मान्य झाली. ती थांबविली की राखलेले केस वर्षभरात जातात. म्हणजे ती वर्षानुवर्षे घ्यावयाची!

कामेच्छा मंदावणे, उत्थानात अडचण येणे हे परिणाम चाचण्यांत ३.८ टक्के पुरुषांत आढळले. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांतही २.१ टक्के होतेच. प्रश्न या अल्पशा अंतराचा नाही. गोळी सोडल्यानंतरही काहींचा त्रास सरत नाही, हा खरा प्रश्न होय. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये तशी नोंद माहितीपत्रकात करावयास लावली. युरोपच्या औषधसंस्थेने २०२५ मध्ये आत्महत्येच्या विचारांचा धोकाही मान्य केला. हे कशामुळे घडते, किती जणांत घडते, यावर तज्ज्ञांत एकमत नाही, आणि भीतीच त्रास निर्माण करते असे म्हणणारेही आहेत. परंतु एकमत नाही म्हणून रुग्णाला 'मनाचे खेळ' म्हणून वाटेला लावणे हा वैद्यकधर्म खासच नव्हे.

आपल्याकडे हे औषध शेड्यूल एचमध्ये मोडते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ते विकता येत नाही. ही अट कितपत पाळली जाते, हे कोणत्याही औषधाच्या दुकानापुढे पाच मिनिटे उभे राहिले तरी उमगते. चिठ्ठी देणारा डॉक्टरही या विषयावर क्वचितच तोंड उघडतो आणि विचारावयाची लाज रुग्णालाही वाटते. पुढे बिघाड झाला की नवविवाहित कारकून पत्नीशी बोलत नाही, भिंतीवरच्या 'शर्तिया इलाज'वाल्याकडे मात्र जातो. तेथे त्याचे पैसे जातात, आणि त्याची तक्रार कोठेही नोंदली जात नाही.

अशा नोंदीसाठी २०१० पासून राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रम चालू आहे. त्याच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्णालाही स्वतः तक्रार देता येते.