गिनीपिगाचा मधुमेह आणि डोंगरावरचे गवत

गिनीपिग या प्राण्याची आपल्याकडील सुशिक्षित माणसाला ओळख झाली ती बहुतांशी प्रयोगशाळेच्या द्वारे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबईत प्लेगच्या कारणांचा शोध घेण्यासाठी जो आयोग काम करीत होता, त्याने प्लेगने ग्रासलेल्या घरांतून गिनीपिग मोकळे सोडले, त्यांच्या अंगावर जमलेल्या पिसवा गोळा केल्या, आणि या रोगाचा संचार उंदरांवरील पिसवांच्या मार्फत होतो हे पुराव्यानिशी दाखवून दिले. मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीतला, तेथील लोकांनी हजारो वर्षांपूर्वी माणसाळविलेला हा गवतखाऊ जीव आता कोल्हापुरात राजारामपुरी आणि ताराबाई पार्कातल्या सदनिकांतून मुलांच्या हट्टापायी नांदू लागला आहे. आणि घरात आल्यावर घरातल्या माणसांच्या व्याधींपैकी एक, म्हणजे मधुमेह, त्यालाही जडू शकतो, ही गोष्ट मात्र फारशा पालकांच्या कानी गेलेली नसते.

मधुमेहाच्या विद्येवर या प्राण्याचे ऋण किती मोठे आहे हे प्रथम सांगितले पाहिजे. १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिनचा शोध लावला तो कुत्र्यांवरील प्रयोगांतून. परंतु माणसाच्या रक्तात इन्सुलिन नेमके किती आहे हे मोजण्याची विद्या हस्तगत होण्यास आणखी जवळजवळ चार दशके जावी लागली. न्यूयॉर्कमधील रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी ती साध्य केली, आणि त्यासाठी त्यांनी ज्या रक्तद्रवाचा आधार घेतला तो गाईचे इन्सुलिन टोचलेल्या गिनीपिगांचा होता. गाय, डुक्कर आणि माणूस यांच्या इन्सुलिनची घडण परस्परांशी अत्यंत जवळची आहे. गिनीपिगाचे इन्सुलिन मात्र त्यांहून पुष्कळच निराळे असल्यामुळे त्याचे शरीर गाईच्या इन्सुलिनला परका पदार्थ मानून त्याविरुद्ध जोरकस प्रतिद्रव्ये निर्माण करते, आणि हीच प्रतिद्रव्ये मोजमापाचे साधन ठरली. या कार्याबद्दल यालो यांना १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन त्यापूर्वीच, १९७२ साली, निवर्तले होते.

हे निराळेपण केवळ शास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा विषय नव्हे. माणसाचे इन्सुलिन जस्ताच्या साहाय्याने सहा-सहा रेणूंचे पुंजके बांधून स्वादुपिंडात साठून राहते. गिनीपिगाच्या इन्सुलिनला जस्त धरून ठेवता येत नाही, त्याचा जोरही इतर प्राण्यांच्या इन्सुलिनपेक्षा फार कमी, आणि ही उणीव शरीर अधिक इन्सुलिन रक्तात सोडून भरून काढते. ज्या प्राण्याची शरीरव्यवस्था मुळातच इतकी स्वतंत्र आहे, त्याच्या मधुमेहाला घरातील आजोबांच्या मधुमेहाचे नियम जसेच्या तसे लावणे उचित नाही. १९७६ साली अमेरिकेतील हर्शी येथे लँग आणि मंगर या संशोधकांनी आपल्या संग्रहातील गिनीपिगांना आपोआप जडलेल्या मधुमेहाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. त्यातील बहुसंख्य प्राणी लघवीतून साखर जात असतानाही इन्सुलिनवाचून जगत राहिले, आणि माणसात ज्याचे भय वाटते तो किटोनचा प्रकोप त्यांच्यात क्वचितच आढळला. पुढेही अनेक प्राण्यांच्या लघवीतील साखर काही काळाने आपोआप नाहीशी झाल्याचे अनुभव नमूद झाले आहेत.

रोगाची चाहूल लागते ती पाण्याच्या बाटलीवरून. किलोभर वजनाचा गिनीपिग दिवसाकाठी साधारण १०० मिलिलिटर पाणी पितो. बाटली दुपारीच रिकामी होऊ लागली, पिंजऱ्यातील अंथरूण सदा ओलेचिंब राहू लागले, आणि खाणे व्यवस्थित असूनही वजन उतरू लागले, तर संशय घ्यावा. डोळ्यावर पांढुरकी झाक म्हणजे मोतीबिंदू दिसणे, लघवीचा दाह पुन:पुन्हा होणे, ही पुढची लक्षणे. मधुमेही माणसाच्या मूत्राकडे मुंग्या आकर्षिल्या जातात हे चरकसंहितेत नोंदलेले आहे, आणि पिंजऱ्याच्या तळाशी मुंग्यांची रांग दिसली तर ती दुर्लक्षिण्यासारखी नाही. मात्र सांडलेल्या खाद्यालाही मुंग्या लागतात, म्हणून निदानाचा भार त्यांच्यावर टाकू नये. वजन उतरण्याचे दुसरे अगदी नेहमीचे कारण दातांचे असते: याचे दात जन्मभर वाढत राहतात, ते वाकडे वाढले की प्राण्याला भूक असते पण चावता येत नाही.

तपासणीत एक खबरदारी सर्वांत महत्त्वाची, आणि ती आपल्या सवयीच्या अगदी विरुद्ध आहे. माणसाची साखर उपाशीपोटी तपासतात. गिनीपिगाला उपाशी कदापि ठेवू नये. त्याचे आतडे अखंड चालू राहण्यासाठीच घडलेले आहे, आणि काही तासांच्या उपवासानेही ते थंडावून प्राण संकटात येऊ शकतो. रक्तातील साखर साधारणपणे १०० मिलिलिटरमागे ६० ते १२५ मिलिग्रॅम असते, पण परक्या हातांत धरल्याच्या नुसत्या भीतीनेही ती पुष्कळ वर चढते; म्हणून एका थेंबावरून मधुमेहाचा शिक्का मारू नये. स्वच्छ स्टीलच्या ताटात प्राण्याला थोडा वेळ बसवून मिळालेली लघवी औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या पट्टीने निरनिराळ्या दिवशी तपासावी, आणि मागील दोन-तीन आठवड्यांचा अंदाज देणारी फ्रुक्टोसामीनची रक्तपरीक्षा पशुवैद्यांच्या सल्ल्याने करून घ्यावी. क जीवनसत्त्वाचे थेंब भरपूर दिले जात असतील तर ते लघवीत उतरून पट्टीवरील साखर प्रत्यक्षाहून कमी दाखवितात, ही गोष्ट वैद्यांना आधी सांगावी.

आता मुख्य उपचार, म्हणजे आहार. शाहू छत्रपतींच्या कारकीर्दीत १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसली तेव्हापासून गूळ हे या शहराच्या वैभवाचे एक अंग आहे, आणि लाडक्या जिवाला गुळाचा खडा, केळ्याची फोड, उसाचे कांडे, दिवाळीत शंकरपाळे देणे हे येथील मायेचे स्वाभाविक रूप आहे. मधुमेही गिनीपिगाच्या बाबतीत हे सर्व बंद करावे लागते. मक्याचे दाणे, बिस्किटे आणि धान्यमिश्रित रंगीत खाद्यही बंद. त्यांच्या जागी हवे ते वाळलेले गवत, दिवसरात्र, हवे तितके. पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावड्याच्या डोंगरउतारांवरील गवत पाऊस ओसरल्यावर, दिवाळीच्या सुमारास कापले जाते. ज्या भाऱ्यात हिरवट रंग आणि वास टिकून आहे तो निवडावा, बुरशीचा वास येणारा परतवावा, आणि पुढील आषाढापर्यंत पुरेल इतके गवत कोरड्या जागी साठविण्याची तजवीज तेव्हाच करावी. भाताचे पिंजर अंथरायला ठीक, पोट भरायला निकस. लसूणघास गुरांना उत्तम असला तरी त्यात चुना फार. प्रौढ गिनीपिगाच्या मूत्राशयात त्याने खडे होण्याचा धोका वाढतो, आणि मधुमेहाने आधीच पीडित झालेल्या मूत्रमार्गाला ते सोसत नाही.

फळे बंद केल्यावर क जीवनसत्त्वाचा प्रश्न उरतो. माणसाप्रमाणेच गिनीपिगालाही ते स्वतःच्या शरीरात तयार करता येत नाही. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिख यांनी रक्तपित्त अर्थात स्कर्व्ही या रोगाचे कोडे उलगडण्यास याच प्राण्याचा उपयोग केला. दर किलो वजनामागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम एवढी त्याची गरज असते. पेरूत ते विपुल आहे, पण साखरही आहे. हिरव्या ढबू मिरचीत मात्र १०० ग्रॅमला सुमारे ८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असून साखर थोडकी, म्हणून कपिलतीर्थाच्या मंडईतली एक ताजी ढबू मिरची दोन-तीन दिवस थोडी थोडी कापून दिली की काम भागते.

आहार बदलूनही वजन उतरतच राहिले, तरच औषधाचा विचार. त्याचा निर्णय सर्वस्वी पशुवैद्यांचा. कोल्हापुरात या प्राण्याचा अनुभव असलेले वैद्य न आढळल्यास पुण्याच्या रस्त्यावर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथे चौकशी करावी. घरातील माणसाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन आपल्या मनाने देणे म्हणजे जिवाशी खेळ होय. इन्सुलिन ठरलेच, तर आपल्या देशात मिलिलिटरला ४० एककांचे आणि १०० एककांचे अशी दोन प्रकारची इन्सुलिने चालतात, त्यांच्या सिरिंजाही निराळ्या, लाल टोपणाची पहिल्यासाठी आणि नारिंगी टोपणाची दुसऱ्यासाठी. त्यांची अदलाबदल झाली तर मात्रा अडीच पटींनी चुकते, आणि हजार ग्रॅमच्या देहाला ती चूक पेलत नाही.

एक रोजकीर्द ठेवावी: आठवड्यातून एकदा, ठरावीक वेळी, स्वयंपाकघरातील इलेक्ट्रॉनिक काट्यावर केलेले वजन, रोजचे पाणी, पट्टीचा रंग. फटाक्यांच्या दिवसांतील आकडे भीतीने वाढलेले असू शकतात, म्हणून त्यांच्या आधारे औषधात फेरफार करू नये. साखर नाहीशी झाली तरी गवताचा आहार कायम ठेवून महिन्यातून एकदा पट्टी लावीत राहावे. हर्शीच्या संशोधकांना आपल्या संग्रहात नव्याने आणलेले प्राणीही आजारी पडलेले पाहून हा रोग सांसर्गिक असावा असा संशय आला होता, परंतु कोणताही जंतू हाती लागला नाही. त्यामुळे पिंजऱ्यातील जोडीदाराची लघवीही तपासावी, मात्र त्याला वेगळे काढू नये, कारण सोबती दुरावला की हा प्राणी खाणे सोडू शकतो आणि तेवढे एकच त्याला मधुमेहाहून अधिक लवकर मारते.