सुई कोणाच्या हातात? (व्यवसाय आणि विमा : लेखांक ६)

विम्याची रक्कम किती असावी, हे या आठवड्यात सांगायचं ठरलं होतं. तो विषय एक आठवडा पुढे ढकलतो आहे. सेलूहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे आणि त्यांचा प्रश्न रकमेच्या आधी सुटायला हवा. त्याचं उत्तर चुकलं, तर पॉलिसी पन्नास लाखांची असली काय आणि दोन कोटींची असली काय, अडचणीच्या वेळी हातात काहीच पडत नाही.

ताईंचं सेलूत मुख्य रस्त्यावर ब्यूटी पार्लर आहे. आता शेजारचा गाळा घेऊन त्यांना तिथे स्किन अँड लेझर सेंटर काढायचं आहे. मोठ्या शहरांत ज्याला मेडिकल स्पा म्हणतात, तेच हे. नागपूरचे एक त्वचारोगतज्ज्ञ दर रविवारी येणार. बोटॉक्स, पीआरपी आणि खोलवरचे पील ते करणार. आठवडाभर नको असलेले केस काढायचं लेझर मात्र ताईंकडच्या दोन मुली चालवणार. मशीन विकणाऱ्या कंपनीने त्यांना शिकवलं आहे. ताई विचारतात, "डॉक्टरसाहेबांची स्वतःची प्रोफेशनल इन्डेम्निटी पॉलिसी आहे. ते म्हणतात, तेवढी पुरे. एजंट म्हणतो, तुमची वेगळी हवी. कोणाचं ऐकू?"

ताई, एजंटचं ऐका. पण तो जी पॉलिसी पुढे ठेवेल, तिच्यावर लगेच सही करू नका.

हा प्रश्न एकट्या ताईंचा नाही. चेहऱ्यावरचे वांग किंवा मुरुमांचे खड्डे दाखवायला सेलू, केळझर, हिंगणीची माणसं सेवाग्रामला, सावंगीला नाहीतर नागपूरला जात आली आहेत. आता उलटं होऊ लागलं आहे. नागपूरचा तज्ज्ञ सकाळी निघून तालुक्याच्या गावात दिवसभर रुग्ण तपासून संध्याकाळी घरी परततो. लोकांच्या सोयीची ही गोष्ट आहे आणि ती वाढावी असंच मला वाटतं. पण डॉक्टर एका गावचा, जागा दुसऱ्याची, मशीन भाड्याचं आणि ते चालवणारे हात तिसऱ्याच कोणाचे, अशी वाटणी झाली की जबाबदारी कोणाची, हे कागदावर आधीच ठरलेलं असावं लागतं.

आधी कायद्याची बाजू पाहू. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. २०१९ च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराची वाट आणखी सोपी केली. तो जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे सेलूच्या माणसाला नागपूरच्या डॉक्टरविरुद्ध वर्ध्यातच दाद मागता येते. जिल्हा आयोगाची मर्यादा आज ५० लाखांची आहे, पण ती मोजतात ग्राहकाने सेवेसाठी दिलेल्या पैशांवरून, मागितलेल्या भरपाईवरून नव्हे. दोन-तीन हजारांच्या पीलची तक्रार वर्ध्यातच चालेल, मग भरपाई कितीही मोठी मागितलेली असो. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्कही लागत नाही. तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. मागच्या लेखांकातली 'मागची तारीख', म्हणजे ज्या दिवसापासूनच्या कामाला पॉलिसी संरक्षण देते ती तारीख, का जपायची, ते इथे पुन्हा लक्षात येईल.

तक्रार आली की प्रतिवादी कोण? २००४ मध्ये सविता गर्ग विरुद्ध नॅशनल हार्ट इन्स्टिट्यूट या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की डॉक्टर पगारी असो वा बाहेरून येणारा, रुग्ण ज्या संस्थेत आला त्या संस्थेला अंग काढून घेता येत नाही. उपचारात हयगय झाली नाही, हे दाखवण्याची जबाबदारीही संस्थेवर येते. सेलूतल्या पाटीवर ताईंच्या सेंटरचं नाव आहे आणि पावती सेंटरची आहे. त्यामुळे नोटीस सेंटरलाही येणारच. डॉक्टरांची वैयक्तिक पॉलिसी डॉक्टरांच्या चुकीपुरती असते. ती ताईंच्या वाट्याची भरपाई देत नाही, त्यांच्या वकिलाचा खर्चही देत नाही. म्हणून वैद्यकीय आस्थापनेची वेगळी पॉलिसी हवी. एजंट बरोबर आहे तो इथवर.

आता त्याने दिलेल्या पॉलिसीचं मागचं पान उघडा. मी कोणतीही पॉलिसी वाचायला घेतो ती वगळलेल्या बाबींपासून. काय मिळणार ते पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत असतंच. काय मिळणार नाही, ते मागे बारीक अक्षरांत असतं आणि भांडणं तिथेच होतात. आपल्याकडे डॉक्टरांच्या पॉलिसींचा जो मजकूर वर्षानुवर्षं चालत आला आहे, त्यात वगळलेल्या गोष्टींमध्ये बहुधा या दिसतात : वजन कमी करण्यासाठी औषधांचा वापर; कॉस्मेटिक प्लास्टिक सर्जरी, केसरोपण, पंच ग्राफ्ट, फ्लॅप रोटेशन आणि तत्सम उपचारांचं अपयश; नशेत दिलेली सेवा; गुन्हेगारी कृत्य किंवा कायद्याचा भंग करून केलेलं काम.

ही यादी सर्दी-खोकल्याच्या डॉक्टरसाठी निरुपद्रवी आहे. स्किन सेंटरच्या बाबतीत ती धंद्याच्या गाभ्यालाच हात घालते. ज्या कामांसाठी लोक दारात येणार, त्यातली अर्धी कामं वगळलेल्या यादीत. 'तत्सम' या शब्दात पीआरपी येतं का, फिलर येतं का, यावर क्लेमच्या वेळी कंपनी आणि तुम्ही समोरासमोर उभे राहता. ही भानगड आधीच मिटवता येते. सेंटरमध्ये होणाऱ्या प्रत्येक उपचाराचं नाव लिहून कंपनीला द्यायचं आणि त्यातले कोणते झाकले आहेत, हे एन्डॉर्समेंट म्हणून पॉलिसीला जोडून मागायचं. जादा प्रीमियम लागला तर तो भरायचा. कंपनी नाही म्हणाली, तर निदान तो उपचार सुरू करायच्या आधी आपल्याला कळतं.

यादीतली शेवटची बाब, कायद्याचा भंग करून केलेलं काम, ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्यासाठी मुंबईचा एक खटला सांगतो. क्लेमची कागदपत्रं पाहताना मला तो नेहमी आठवतो.

जुलै १९९२. मुंबईत पस्तिशीतला एक गृहस्थ तापाने आजारी पडला. जवळच्या डॉक्टरने आधी व्हायरल ताप समजून आणि मग टायफॉइड समजून ॲलोपॅथीची औषधं दिली. दहा दिवसांच्या आत रुग्ण दगावला. डॉक्टरची पदवी आणि नोंदणी होमिओपॅथीची होती. पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल या नावाने हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १० मे १९९६ रोजी निकाल लागला. न्यायालय म्हणालं की ज्या शास्त्राची पात्रता नाही, त्यात उपचार करणं हीच हयगय. औषध बरोबर होतं की चूक, याच्या खोलात जायचीही गरज नाही. विधवा पत्नीला तीन लाखांची भरपाई मिळाली.

हा निकाल विम्याच्या मजकुराशेजारी ठेवून वाचा. पात्रता नसलेल्या हाताने सुई टोचली आणि इजा झाली, तर न्यायालय एका वाक्यात हयगय मान्य करणार. आणि त्याच कारणाने विमा कंपनी म्हणणार, हे काम कायद्याच्या बाहेरचं, आम्ही देणं लागत नाही. इतर वादांत कोर्टात हरलो तरी कंपनी पैसे भरते, एवढा आधार असतो. इथे दोन्हीकडून हार. ज्या एका प्रसंगी सेंटरला विम्याची सगळ्यात जास्त गरज, त्याच प्रसंगी विमा नाही.

म्हणून ताईंच्या प्रश्नाला माझा उलट प्रश्न आहे : सोमवार ते शनिवार तुमच्याकडे सुई आणि मशीन कोणाच्या हातात असणार?

कामांच्या तीन याद्या करा. पहिली पार्लरची : थ्रेडिंग, वॅक्स, साधं फेशियल. दुसरी, डॉक्टरने तपासून लेखी सूचना दिल्यावर प्रशिक्षित सहायकाने करायच्या कामांची. केस काढायचं लेझर इथे येतं. तिसरी फक्त डॉक्टरची : बोटॉक्स, फिलर, पीआरपी, खोल पील, केसरोपण. तिसऱ्या यादीबद्दल शंका ठेवू नका. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सौंदर्यशस्त्रक्रिया आणि केसरोपणाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. हे काम प्रशिक्षित नोंदणीकृत डॉक्टरनेच करावं आणि कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे, इतक्या सरळ शब्दांत त्यात लिहिलं आहे. रविवारी राहिलेलं पीआरपीचं एक सिटिंग बुधवारी मुलींनी उरकून टाकलं, असं एकदाही होता कामा नये.

खरी काळजी दुसऱ्या यादीची. आस्थापनेच्या पॉलिसीत पात्र आणि अपात्र सहायकांची नोंद वेगळी होते आणि त्यांच्यासाठी जादा प्रीमियम द्यावा लागतो. तो वाचवायला प्रपोजल फॉर्मवर सहायकांचा रकाना कोरा सोडण्याचा मोह होतो. तो आवरा. फॉर्मवर महत्त्वाची माहिती लपवली, तर कंपनीला पूर्ण क्लेम नाकारायला आयतं कारण मिळतं. मुली काय शिकल्या, किती दिवस शिकल्या, प्रमाणपत्र कोणाचं, हे आहे तसं लिहा. डॉक्टर आठवड्यातून एकच दिवस येतात, हेही लिहा. कंपनीने हे वाचून पॉलिसी दिली, तर उद्या तिला 'आम्हाला माहीत नव्हतं' म्हणता येणार नाही.

लेझरच्या बाबतीत आपल्या भागात जोखीम जास्त का, तेही सांगतो, कारण कंपनीच्या फॉर्मवर याला जागा नसते. लेझरचा प्रकाश केसातला काळा रंग शोषून घेतो आणि त्या उष्णतेने केसाचं मूळ जळतं. पण तोच रंग त्वचेतही असतो. सावळ्या त्वचेत तो जास्त, म्हणून भाजण्याचा आणि नंतर काळे डाग राहण्याचा धोका जास्त. १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग लेझर त्वचेत खोल जातं आणि वरच्या रंगात कमी शोषलं जातं, म्हणून सावळ्या त्वचेसाठी ते अधिक सुरक्षित मानतात. त्यात आपला वर्ध्याचा उन्हाळा. लेझर किंवा पील करून घेतलेली बाई दुसऱ्या दिवशी भर उन्हात शेतावर गेली, तर डाग ठरलेलाच. ऊन टाळायची सूचना मराठीत, छापून, सही घेऊन द्यायला हवी. उपचाराआधीचा फोटो तारखेसह ठेवायला हवा. हे दोन कागद असले की वकिलाचं अर्धं काम झालेलं असतं.

आणि पाटीवर काय लिहिता, ते पाहा. 'हमखास गोरेपणा', 'पंधरा दिवसांत डाग गायब' असं लिहिलं की तुम्ही ग्राहकाला वचन देता. वचन मोडल्याची भरपाई बहुतेक पॉलिसी देत नाहीत. त्या हयगयीची देतात. जाहिरातीने अंगावर घेतलेलं ओझं तुमच्याच खिशातून जातं.

पहिल्या यादीसाठी, म्हणजे ओल्या फरशीवर कोणी घसरून पडलं वगैरे प्रसंगांसाठी, पब्लिक लायबिलिटीची पॉलिसी वेगळी घ्या. ती स्वस्त असते. उपचारातून झालेली इजा मात्र तिच्यात धरली जात नाही, हे ध्यानात असू द्या.

एक गोष्ट लहान गावांसाठी मुद्दाम. सेलूत सगळे एकमेकांना ओळखतात. कोणाच्या गालावर डाग उठला की घरी जाऊन, चूक कबूल करून, पाच-दहा हजार हातावर ठेवून मिटवावंसं वाटतं. भावना चांगली आहे, पण कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी मान्य करायची नाही किंवा पैसे द्यायचे नाहीत, अशी अट पॉलिसीत असते. ती मोडली आणि प्रकरण पुढे वाढलं, तर संरक्षण जातं. माणूस म्हणून विचारपूस जरूर करा, रुग्णाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवा, आणि त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवा.

रकमेचा हिशोब पुढच्या आठवड्यात, नक्की. त्याची सुरुवात रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावरून होईल. तिथे १९५३ मध्ये एका तरुणाच्या मांडीचं हाड मोडलं, पुण्यात उपचारादरम्यान तो गेला आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत चाललेल्या त्या खटल्यात भरपाई ठरली तीन हजार रुपये. तिथून २०१३ च्या कुणाल साहा प्रकरणातल्या जवळपास सहा कोटींपर्यंत आपल्याला जायचं आहे.

तोवर ताईंनी आणि असा विचार करणाऱ्या प्रत्येकाने एक काम करावं. सेंटरमध्ये होणाऱ्या सर्व उपचारांची यादी काढा, प्रत्येकापुढे तो करणाऱ्या व्यक्तीचं नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक लिहा, आणि तो कागद दोन-तीन विमा कंपन्यांना देऊन लेखी उत्तर मागा. ज्या ओळीपुढे कोणीच 'हो' लिहून देत नाही, तो उपचार आपल्या सेंटरमध्ये सुरू करू नका.